नणंदेच्या मापाचा मीडियम

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, शेवटी मीच तुला विचारणार आहे.

एक फॅक्टरी आहे, बायकांच्या तयार ड्रेसची. फार मोठी नाही हं. एकच मजला, एका बाजूला शिलाई मशिनींची रांग, दुसऱ्या बाजूला कटिंगचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. तिथे दोघी कामाला. नणंद आणि भावजय. एका घरात राहणाऱ्या, सकाळी एका बसने येणाऱ्या, दुपारी एका डब्यातलं खाणाऱ्या आणि दिवसभर एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या.

भावजय कापायची. गळ्यात टेप, हातात खडू, तोंडात टाचण्या. सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. आणि नणंद काय करायची? नणंद उभी राहायची. हसू नकोस, खरंच. तिला पगार मिळायचा तो उभं राहायचा. फॅक्टरीच्या मोठ्या मालकांचा ड्रेस चढवून बघायच्या पुतळ्यावर विश्वासच नव्हता. ते म्हणायचे, कापूस भरलेली बाई श्वास घेत नाही, खाली बसत नाही, तिच्यावर कापलेला ड्रेस खऱ्या बाईला होईल कसा? म्हणून त्यांनी एक जिवंत बाई ठेवली. तिच्या अंगाला जो बसेल तो मीडियम. त्यात थोडं कमी केलं की स्मॉल, थोडं वाढवलं की लार्ज. म्हणजे दुकानांत त्यांचे जितके ड्रेस लटकत होते ना, ते सगळे या एका बाईच्या अंगावरून निघालेले. आणि ती कोणाला ते विसरू द्यायची नाही. रस्त्यात एखादी बाई त्यांचा ड्रेस घालून दिसली की मास्तरणीला कोपराने ढोसायची. "बघ, माझं अंग चाललंय."

फॅक्टरीत तिला ताई म्हणायचं. मावशी म्हटलेलं चालायचं नाही. एका नव्या मुलीच्या तोंडून चुकून निघालं, तर ताईने तिला येता-जाता इतकं टोचून खाल्लं की ती बिचारी महिनाभर कोणालाच कशानेच हाक मारेना.

साठी उलटली होती गं ताईची. पण कपडे बघशील तर लाल, पोपटी, कंबरेला पट्टा, बाह्या नाहीत, पायात टाचेची चप्पल. केस काळेभोर, म्हणजे इतके काळे की रंग थोडा कपाळावरही उतरलेला. आणि मास्तरीण तिच्याहून बारा-एक वर्षांनी लहान, पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की उलटंच वाटायचं. मास्तरणीचे कपडे म्हणजे थानाच्या शेवटी उरलेलं कापड, जो रंग कोणी घेतला नाही तो. पातळ चहाचा रंग, ओल्या सिमेंटचा रंग. स्वतःच कापायची, स्वतःच शिवायची. दोन सरळ बाजू, दोन मोठे खिसे, बाही कोपराच्या खाली. खिशात कात्री मावली पाहिजे, एवढीच अट. माप घेणाऱ्याकडे बघतंय कोण?

ताई बघायची ना. रोज सकाळी घराला कुलूप लावता लावता सुरू. "हे काय गोणपाट घातलंयस आज? जरा मागून चाल बाई, लोकांना वाटेल मी पोतं घेऊन निघालेय." एकदा दोघी पर्स घ्यायला गेल्या, तर दुकानदार मास्तरणीला म्हणाला, आई, तुमच्या मुलीला ही लाल शोभेल. मुलगी कोण, तर ताई. झालं. ताईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की फॅक्टरीतल्या मुलींना पाठ झाली. एकीने नुसतं "आई," म्हटलं की बाकीच्या पुढचं वाक्य कोरसमध्ये म्हणायच्या. मास्तरीणही हसायची. तोंडात टाचण्या असल्या की माणूस कसा हसतोय ते नीट कळत नाही.

उलटून बोलायची सोयच नव्हती. घर ताईचं. नोकरी ताईने लावून दिलेली. आणि नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, घरात दोघींचं वाजलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. तेवढंच त्याचं मत.

आता खरी गंमत पुढे आहे.

खूप वर्षांपूर्वी एकदा काय झालं, नव्या ड्रेसची पाठीमागची चेन ताईच्या कंबरेपाशी अडकली. मोठे मालक पडद्याबाहेर उभे. ताईने श्वास ओढला, पोट आत घेतलं, चेन ढिम्म. आरशात ताईचा चेहरा असा काही उतरला की मास्तरीणही घाबरली. कारण मालकांचं एकच म्हणणं होतं, माप हललं की बाई बदलायची. ताई गेली की ताईच्या शब्दावर लागलेली मास्तरीणही गेली, आणि घरी बसून ताई तिचं काय करेल ते वेगळंच. तर तिने पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं साहेब, शिलाई घट्ट बसलीय. उसवून देते." मग टेबलाशी जाऊन तिने पुठ्ठ्याचा खाका, ज्याच्यावरून कापड कापतात तो, किंचित मोठा करून नवा कापला. कोणाला सांगितलं नाही. ताईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आरशासमोर गोल फिरली. "बघितलंस? स्वतः घट्ट शिवतेस आणि मला उगाच घाम फोडतेस."

तेव्हापासून दर हंगामाला हेच. ताई लाकडी पाटावर हात पसरून उभी राहणार, मास्तरीण टेप लावणार आणि मोठ्याने जुनाच आकडा बोलणार. कंबर तीस. शेजारची मुलगी लिहून घेणार, तीस. आणि खरा आकडा मास्तरीण डोक्यात धरून टेबलापर्यंत न्यायची, काठोकाठ भरलेला कप नेतात तसा, आणि पुठ्ठ्यावर उतरवायची. ताईची कंबर सुटली, तिने जागा केली. छाती खाली आली, तिने जागा केली. खांदे पुढे झुकले, पाठीला बाक आला, तिथेही कापड सोडलं. ताई आरशासमोर ताठ राहायची खरी, पण किती वेळ? श्वास सोडला की मूळ पदावर. मास्तरीण थांबायची, श्वास सुटू द्यायची, आणि मग माप धरायची.

पहिल्यांदा भीतीने केलं. नंतर काय झालं माहितीये? तिला मजा यायला लागली. ताई आरशात बघून म्हणायची, "तीसच्या तीस, बघ. तुझा साइझ कोणता गं? आहे का तुला साइझ?" आणि मास्तरीण खरा आकडा जिभेखाली ठेवून गप्प, गोळी चघळल्यासारखी. दिवसभराचे टोमणे एकीकडे आणि तो एक आकडा एकीकडे. पुरायचा तिला.

आणि बाहेर दुकानांत? तिथे वयस्क बायका खूश. तुमच्याकडे मला अजून मीडियम होतं म्हणून दोन-दोन ड्रेस न्यायच्या. तरुण मुली मात्र हळूहळू येईनाशा झाल्या. मोठे मालक म्हणायचे, हल्लीच्या पोरींना कपड्यातलं काही कळत नाही.

मग मोठ्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि त्यांची मुलगी आली. छोट्या मॅडम. कायम काळ्या कपड्यांत, आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत. अशा माणसांची जास्त भीती वाटते बघ. आल्या आल्या त्यांनी दुकानांतून परत आलेल्या ड्रेसचा ढीग समोर ओतला, एकेक उचलून बघितला, कोणाला काही बोलल्या नाहीत. आणि थोड्या दिवसांनी एक मोठं खोकं आलं.

त्यातून पुतळा निघाला. तरुण मुलीच्या मापाचा, ताठ, मान वर, डोकं नाही.

"आपला मीडियम घाला याला," मॅडम म्हणाल्या. सगळ्या मशिनी थांबवल्या होत्या त्यांनी, सगळ्यांना बघायला बोलावलं होतं.

मास्तरणीनेच घातला. लाल, पट्ट्याचा. चेन सर्रकन वर गेली, कुठे अडकलीच नाही, आणि तेव्हाच मास्तरणीला काय ते कळलं. ती बाजूला झाली आणि सगळ्यांनी बघितलं. छातीपाशी शिवलेल्या चुण्या पार पोटावर येऊन बसलेल्या. कंबरेला दोन्हीकडून पिशव्या. पुढचा घेर वर उचललेला, मागचा खाली. आणि मानेच्या खाली, पाठीवर, कापड फुगून उभं होतं. आत काही नाही. रिकामं पोक.

आणि शेजारी ताई. त्या दिवशी नेमका तोच ड्रेस घालून आलेली. तिला कसा बसला होता म्हणून सांगू, अंगावर ओतल्यासारखा.

मागून एकजण हळूच म्हणाली, "अगंबाई, ही तर ताई." मशिनी बंद होत्या ना, टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आधी एकीने तोंडावर हात दाबला, मग दुसरीने, मग जे हसू फुटलं ते फुटलंच. त्या पुतळ्याकडे बघायच्या, ताईकडे बघायच्या आणि पुन्हा हसायच्या. ताईला आधी कळलंच नाही. ती पण थोडी हसली. मग पुतळ्याची पाठ बघितली आणि हसायची थांबली.

मॅडम म्हणाल्या, "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर कापणारी चुकतेय, नाहीतर माप हललंय. कापणारी चुकत असेल तर कापणारी बदलू. माप हललं असेल तर," आणि पुढे नुसत्या ताईकडे बघून गोड हसल्या.

आता बघ हां, त्या क्षणी ताई काय करू शकली असती? गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ताई पुढे झाली आणि बोट थेट मास्तरणीकडे.

"हिचे डोळे गेलेत मॅडम. मी घरी बघते ना. सुईत दोरा ओवायला माझ्या भावाला हाक मारते. मी म्हटलं कशाला बोला, आपलीच आहे, पोटावर पाय नको. पण हिला अंगाची काही जाण आहे का? काय घालून येते ते बघा तरी. जिला स्वतःचं अंग आहे का खुंटी हे कळत नाही, ती दुसऱ्याच्या अंगाला काय कापणार?"

आता मुली मास्तरणीकडे बघून हसायला लागल्या. पब्लिकचं काय, हसायला मिळाल्याशी कारण.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मास्तरीणबाई, माप घ्या. इथेच, सगळ्यांसमोर. आकडे मोठ्याने बोला."

ताई तुरुतुरु पाटावर चढली. हात पसरले. "कंबर तीस," मास्तरणीने टेप लावायच्या आधीच ताई म्हणाली. "सांग त्यांना."

टेप गोल आला. मास्तरणीने दोन टोकं जुळवली. पुढे काय व्हायचं ते सगळं तिच्या जिभेवर होतं बघ. तीस म्हटलं की ती स्वतः चुकलेली ठरणार, टेप काढून ठेवायचा आणि घरी जायचं, ताईच्या घरी, आणि आयुष्यभर आंधळी म्हणून ऐकून घ्यायचं. आणि नाही म्हटलं तर ताई. तिने आरशात बघितलं. ताई तिच्याकडे बघतच नव्हती. ताई स्वतःकडे बघत होती, मान वर करून.

"छत्तीस," मास्तरीण म्हणाली.

ताई म्हणाली, "टेप तिरका आलाय. परत घे."

मास्तरणीने परत घेतला. "छत्तीस. थोडा जास्तच." आणि मग तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी ती थांबली नाही. नितंब घेतले, दंड घेतला, खांद्यापासून छातीपर्यंत किती खाली उतरलंय ते घेतलं, आणि एकेक आकडा असा स्वच्छ बोलली, शाळेत हजेरी घेतात तसा. ताईचे हात तसेच पसरलेले, खाली घ्यायचे तिला सुचेना.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या.

"साहेब म्हणायचे, समोर जे अंग आहे त्याच्यावर काप. मी तसंच कापलं. हात चुकलेला नाही माझा."

"मग तोंडाने तीस का सांगत होतात?"

मास्तरणीने टेप गळ्यात टाकला. "ताईंना वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली. "वय झालंय त्यांचं. म्हटलं, जाऊ दे."

आई शप्पथ, सगळ्या मुलींनी एकदम च् च् केलं. हसणं परवडलं गं. त्या च् च् ने ताई पाटावरून अशी उतरली, जिना असल्यासारखी, एक पाय मग दुसरा पाय, भिंतीला धरून.

तुला वाटेल, संपलं, ताईला काढलं. नाही. मॅडम हुशार होत्या. त्या पुतळ्याभोवती एक फेरी मारून आल्या, मग ताईभोवती. "दुकानांत वयस्क बायका येतात त्या यासाठी तर," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही कुठे जायचं नाही. मुलींसाठी हा पुतळा. आणि साठीच्या बायकांसाठी आपण वेगळी लाइन काढू, ती तुमच्या अंगावर. असं अंग मागून मिळत नाही."

ताईला साठीचा शब्द गिळायला थोडा वेळ लागला, पण नोकरी राहिली म्हटल्यावर जीव भांड्यात पडला असणार. लगेच डोळे पुसून म्हणते, "मग पहिला ड्रेस लाल करा मॅडम. पट्ट्याचा. मला लाल खुलतो."

"लाल?" मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं, लहान मुलाने भलतंच काही मागितल्यासारखं. "नको हो. या वयाच्या बाईने लाल पट्टा लावला की लोकांना आधी तिचं वय दिसतं, मग ड्रेस. आपल्याला असं हवंय की बाई खोलीत आली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये." त्या सगळीकडे बघायला लागल्या, कापडाची थानं, भिंत, टेबल. आणि नजर मास्तरणीवर येऊन थांबली. जवळ आल्या, तिच्या बाहीचं कापड बोटांत धरलं.

"हे. अगदी हेच. हा रंग, हा ढगळपणा, हे खिसे. तुम्ही स्वतः शिवलंय? वा. मास्तरीणबाई, वय काय तुमचं?"

"एकोणपन्नास."

"हो? मला वाटलं तुम्ही दोघी बरोबरीच्या."

आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? ताई. अगं, पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलींनाही तिने हसवलं. मग तिच्या लक्षात आलं की ते गोणपाट आता आपल्यालाच घालायचंय.

घरी आल्यावर भावाने विचारलं, आज इतक्या गप्प का दोघी. ताई म्हणाली, "तुझी बायको फेमस झाली. आता गावभर बायका तिच्यासारख्या दिसणार." त्याने टीव्ही लावला.

मास्तरणीच्या मात्र ते बरोबरीच्या म्हटलेलं आत कुठेतरी जाऊन बसलं. दोन दिवसांनी ताई भाजी आणायला गेली तेव्हा तिने काय करावं? ताईचं कपाट उघडलं. तो लाल ड्रेस काढला, स्वतःच्या अंगावर चढवला आणि आरशासमोर उभी राहिली. आणि झालं काय, तर पाठीवर कापड फुगलेलं. छातीच्या चुण्या पोटावर. कंबरेला पिशव्या. पुतळ्यावर दिसला होता तसाच, फक्त आता वर डोकं होतं. इतकी वर्षं फॅक्टरीतला एकेक ड्रेस तिच्या हातून कापला गेलेला आणि त्यातला एकही तिला होण्यासारखा नाही. स्वतःच्या मापाचं काही कापायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. तिने पट्टा ओढून बघितला, खांदे पुढे झुकवून बघितले. खांदे झुकवले तेव्हा जरा बसला. त्यानंतर मात्र तिने तो ड्रेस असा घाईने काढला, जसं कोणी बघतच होतं.

फॅक्टरीत नवी लाइन सुरू झाली. मुली आता ताईला तोंडावर मावशी म्हणायला लागल्या. ताई काही दिवस लाल-पोपटी घालून येत राहिली, पण मुली कोपर मारायला लागल्या, एक-दोघी तर शिट्टी वाजवल्यासारखं करायच्या. मग एक दिवस पट्टा गेला. मग टाच गेली. मग केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं आणि तिने ते तसंच ठेवलं. मास्तरणीला टोमणे मारायचंही बंद. तुला वाटेल मास्तरणीला बरं वाटलं असेल. अगं, ती सकाळी कुलूप लावताना वाट बघायची, आज तरी काही बोलेल म्हणून. ताई किल्ली पर्समध्ये टाकायची आणि बसस्टॉपकडे चालायला लागायची.

आणि मग तो दिवस आला. दुकानदार येणार होते नवा माल बघायला. मॅडमनी खुर्च्या मांडल्या होत्या. ताई पहिला ड्रेस घालून पडद्यातून बाहेर यायची होती. पडद्याच्या आत दोघीच. ड्रेस तोच, ओल्या सिमेंटचा रंग, मोठे खिसे. मास्तरीण मागून टाचण्या लावत होती. बाहेर मॅडमचं चाललेलं, "या बायकांना कोणी विचारत नाही हो, म्हणून आपण विचारायचं."

ताई आरशात स्वतःकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "एक खरं सांग. इतकी वर्षं तीस सांगत आलीस. माझी दया येत होती, का मजा बघत होतीस?"

मास्तरणीने आणखी एक टाचणी लावली.

"खरं सांग. घरातून काढणार नाही."

आता बघ, दोन्ही खरंच होतं ना. पण मास्तरीण तिच्यासोबत इतकी वर्षं राहिली होती, तिला ताई पाठ होती. दया म्हटलं तर ही बाई आत्ता इथे खाली बसेल आणि परत उठणार नाही, हे तिला दिसत होतं.

"मजा बघत होते," ती म्हणाली. "दर वेळी. तुम्ही तीस तीस करून मिरवायचात आणि मी घरी जाऊन पांघरुणात तोंड घालून हसायचे."

ताईने तिच्याकडे आरशातून बघितलं. आणि काय सांगू, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "माझी दया करायला तू कोण गं? एक नंबरची नीच आहेस. तोंडावर गरीब गाय आणि आतून ही अशी. माझ्या भावाचं नशीबच फुटकं." बोलता बोलता तिची मान वर आली. खांदे मागे गेले. पाठ सरळ झाली, म्हणजे खरोखर सरळ, कित्येक वर्षांत झाली नव्हती तशी. आणि तशीच राहिली. श्वास सोडला तरी राहिली. "उघड पडदा. बघू दे त्यांना. गोणपाटातसुद्धा कशी दिसते ते बघू दे."

आणि ड्रेस बिघडला.

कळतंय ना? तो तिच्या बाकावर कापलेला होता. ती ताठ झाली तर पाठीवर कापड फुगलं, पुढचा घेर वर उचलला गेला, चुण्या सरकल्या. आरशात ती सुंदर दिसत होती, खरंच, आणि ड्रेस कोणीतरी शिकाऊ माणसाने कापल्यासारखा दिसत होता. बाहेरून मॅडमचा आवाज आला, "झालं का मास्तरीणबाई? सगळे थांबलेत." तोच गोड आवाज. कापणारी चुकली असेल तर कापणारी बदलू म्हणाल्या होत्या, तोच.

उसवून नव्याने करायला वेळ नव्हता. टाचण्यांनी भागणारं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं फक्त.

मास्तरणीने दोन्ही हात ताईच्या खांद्यांवर ठेवले. "ताई," ती म्हणाली, "अशा नको. नेहमीसारख्या उभ्या राहा."

ताईला आधी कळलं नाही. "नेहमीसारखीच आहे की."

"नाही. वाका जरा. ड्रेस तुमच्या पाठीवर कापलाय."

ताईने आरशात बघितलं. ड्रेसकडे नाही, स्वतःच्या पाठीकडे, वळून, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग हळूहळू, मास्तरणीच्या हाताखाली, तिचे खांदे पुढे आले. मान खाली गेली. पाठ त्या रिकाम्या कापडात जाऊन बसली, एकही सुरकुती राहिली नाही. मास्तरणीने पडदा सरकवला.

दुकानदारांनी खुर्च्या पुढे ओढल्या. त्यातला एकजण म्हणाला, "वा, काय बसलाय. अगदी त्यांच्याचसाठी बनवल्यासारखा."

आता तू सांग. खरं सांगायचं हं. तिथे पडद्यामागे तू असतीस, तर तिला वाकायला सांगितलं असतंस?